दोनशे फुटांची रेघ

१० फेब्रुवारी २०११, गुरुवार. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट सिटी विमानतळावरून सकाळी आठ वाजून गेल्यावर एक छोटे विमान दक्षिणेकडे, कॉर्कला निघाले. जेमतेम तासाभराचा प्रवास. फेअरचाइल्ड कंपनीचे 'मेट्रो थ्री' जातीचे विमान, दोन पंख्यांची इंजिने, लांबट आणि अरुंद. आत दहा प्रवासी आणि दोन वैमानिक. इतक्या लहान विमानात हवाई सेविका असावी अशी सक्ती नाही, म्हणून ती नव्हती. सकाळी जाऊन काम उरकायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, अशा लोकांची ही गाडी.

कॉर्कवर धुके होते. विमान एकदा खाली आले, धावपट्टी दिसली नाही म्हणून पुन्हा वर गेले. दुसऱ्यांदा आले, पुन्हा वर गेले. मग अर्धा तास आकाशात घिरट्या घालून तिसऱ्यांदा आले. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी ते धावपट्टीवर उलटे पडले. दोन्ही वैमानिक आणि चार प्रवासी गेले. सहा जण वाचले, त्यांतले चौघे गंभीर जखमी होते.

'धुक्यामुळे विमान कोसळले' हे वाक्य अशा अपघातांनंतर सगळीकडे छापले जाते. ते अपुरे आहे. त्या सकाळी धुके होते हे सगळ्यांना ठाऊक होते, कंट्रोल टॉवर ते मीटरमध्ये मोजून सांगत होता, आणि धुक्यात काय करायचे याचे नियम कित्येक दशकांपूर्वी ठरलेले होते. आयर्लंडच्या अपघात तपास विभागाने तीन वर्षे खपून २८ जानेवारी २०१४ रोजी अंतिम अहवाल दिला. तो वाचताना कळते की धुके फक्त निमित्त होते. काय घडले हे समजून घ्यायचे तर आधी धुक्यात विमान उतरते कसे, ते पाहायला हवे.

खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले की मोटार हळू करता येते, कडेला लावून थांबताही येते. विमानाला ती सोय नाही. पंखांभोवती हवा वेगाने वाहत राहिली तरच ते तरंगते, म्हणून उतरतानाही ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा वेग ठेवावाच लागतो. म्हणजे न दिसणाऱ्या जमिनीकडे, थांबता न येणाऱ्या वेगाने जायचे. हे शक्य होते ते आयएलएस नावाच्या यंत्रणेमुळे.

आयएलएस म्हणजे धावपट्टीपाशी बसवलेले दोन रेडिओ प्रक्षेपक. पहिला धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो आणि डावे-उजवे सांगतो. तो शेजारी शेजारी दोन झोत सोडतो. एका झोतावर सेकंदाला ९० कंपनांची खूण असते, दुसऱ्यावर १५० कंपनांची. विमानातले यंत्र दोन्ही खुणांची तुलना करते. दोन्ही सारख्या ऐकू आल्या तर विमान बरोबर मध्यरेषेवर आहे, एखादी जास्त आली तर त्या बाजूला सरकले आहे. दुसरा प्रक्षेपक धावपट्टीच्या अलीकडच्या भागाशेजारी असतो. तो हीच युक्ती उभी करून वापरतो आणि वर-खाली सांगतो. या दोहोंतून आकाशात तीन अंशांच्या उताराची एक अदृश्य घसरण तयार होते. वैमानिकासमोरच्या तबकडीवर दोन काटे असतात, एक आडवा आणि एक उभा. ते मधोमध धरून ठेवले की विमान त्या घसरणीवरून खाली येत राहते.

मोठ्या विमानात हे काम बहुतेक वेळा ऑटोपायलट करतो. कॉर्कला आलेल्या या विमानात ऑटोपायलट नव्हता. काटे मध्यावर ठेवायचे काम हाताने, तेही एका सकाळी तीन-तीनदा करायचे होते. तपशील लहान वाटतो, पण पुढचे सारे वाचताना तो लक्षात ठेवावा.

आयएलएसचे काटे विमानाला धावपट्टीच्या तोंडापर्यंत आणतात, मात्र साध्या, पहिल्या श्रेणीच्या व्यवस्थेत अगदी जमिनीपर्यंत नेत नाहीत. शेवटचा टप्पा माणसाने डोळ्यांनी पाहूनच उतरायचा असतो. म्हणून एक उंची ठरवलेली आहे. तिला डिसिजन हाइट, निर्णयाची उंची म्हणतात. पहिल्या श्रेणीत ती धावपट्टीपासून निदान २०० फूट असते. विमान २०० फुटांवर आले, की वैमानिकाने मान वर करून समोर पाहायचे. धावपट्टीकडे नेणारे दिवे किंवा धावपट्टीच्या खुणा स्पष्ट दिसल्या तर पुढे जायचे. दिसल्या नाहीत तर त्याच क्षणी इंजिनांची ताकद वाढवायची, नाक वर करायचे आणि निघून जायचे. याला गो-अराउंड म्हणतात.

हा आकडा दोनशेच का, यामागे हिशेब आहे. मिनिटाला सुमारे सातशे फूट या गतीने विमान खाली येत असते. दोनशे फुटांवरून जमीन गाठायला त्याला पंधरा-सतरा सेकंद लागतात. एवढ्या वेळात विमान दिव्यांच्या रेषेत आहे का हे पाहणे, थोडे डावे-उजवे सरकवणे, वेग सांभाळणे आणि चाके अलगद टेकवणे होऊ शकते. शिवाय निघून जायचे ठरले तरी विमान लगेच वर चढत नाही. इंजिनांनी जोर धरेपर्यंत ते आणखी काही फूट खाली जाते. तेवढी जागाही दोनशेत धरलेली असते. पहिल्या श्रेणीच्या व्यवस्थेत शंभर फुटांवर यातले काहीच पुरत नाही.

मला या रेघेचे खरे मोल वेगळेच वाटते. दोनशे फुटांवर काय करायचे हा निर्णय मुळात त्या क्षणी घ्यायचाच नसतो. तो आधीच, जमिनीवर, शांत डोक्याने आणि अनेकांच्या अनुभवावरून घेतलेला असतो. वैमानिकाने फक्त 'दिसते' किंवा 'नाही दिसत' एवढेच ठरवायचे. 'जरा आणखी खाली जाऊन बघू' ही मुभा माणसाला दिली, की थकवा, घाई, मागच्या प्रवाशांची अडचण, साहेबाची नाराजी असे सगळे त्या पंधरा सेकंदांत कॉकपिटमध्ये शिरते. रेघ आखली आहे ती हे सारे बाहेर ठेवण्यासाठी.

या रेघेच्याही आधी एक अडसर आहे. धावपट्टीच्या कडेने, सहसा तीन ठिकाणी, दृश्यता मोजणारी उपकरणे बसवलेली असतात. एकीकडून प्रकाश सोडायचा, ठरावीक अंतरावर तो किती पोहोचला हे मोजायचे आणि त्यावरून धावपट्टीवर किती मीटरपर्यंत दिसेल ते काढायचे. या आकड्याला आरव्हीआर म्हणतात. पहिल्या श्रेणीच्या उतरणीसाठी तो निदान ५५० मीटर हवा. युरोपातल्या नियमानुसार, धावपट्टीच्या काही किलोमीटर अलीकडे एक ठरलेले ठिकाण येते. तिथे पोहोचेपर्यंत आकडा ५५० पेक्षा कमी असेल तर पुढे जायचेच नाही. दिसेल की नाही हे खाली जाऊन बघायलाही परवानगी नाही. ते ठिकाण ओलांडल्यावर आकडा घसरला, तर मात्र निर्णयाच्या उंचीपर्यंत येता येते.

आता कॉर्क. हा विमानतळ शहराच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे फुटांच्या उंचवट्यावर आहे. समुद्र जवळ. खाली शहरात जे नुसते मळभ असते, ते वर विमानतळावर ढग होऊन जमिनीला टेकलेले असते. कॉर्कचे धुके आयर्लंडमध्ये सगळ्यांना परिचयाचे आहे. त्या सकाळीही ते दाट होते. १७ क्रमांकाच्या धावपट्टीला दुसऱ्या, म्हणजे अधिक अचूक श्रेणीची आयएलएस होती. पण तिचा लाभ घ्यायला विमानात तशी साधने आणि वैमानिकांकडे तसे प्रशिक्षण लागते. इथे ते नव्हते. त्यामुळे या विमानासाठी दोनशे फूट आणि ५५० मीटर हेच आकडे लागू होते.

पहिला प्रयत्न १७ क्रमांकाच्या धावपट्टीवर, नऊच्या सुमारास झाला. आरव्हीआर पुरेसा नव्हता, तरी विमान खाली येत राहिले. दोनशे फुटांवर काही दिसले नाही, तरीही येतच राहिले. ते वर वळले तेव्हा नोंदवलेली सर्वांत कमी उंची १०१ फूट होती.

दुसरा प्रयत्न त्याच धावपट्टीवर विरुद्ध बाजूने, म्हणजे ३५ क्रमांकाच्या टोकाकडून. तिकडून येताना सकाळचा सूर्य पाठीशी राहील आणि कदाचित बरे दिसेल, हा विचार त्यामागे होता. या वेळची सर्वांत कमी उंची ९१ फूट.

अहवालातल्या या दोन आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. पहिल्या खेपेला रेघ ओलांडली आणि काही झाले नाही. दुसऱ्या खेपेला आणखी दहा फूट खाली गेले आणि तेव्हाही काही झाले नाही. नियम मोडून सुखरूप सुटण्याचा अनुभव हा माणसाचा सर्वांत वाईट गुरू आहे. आपण नशिबाने वाचलो हे त्यातून कळत नाही. हे जमते, असेच वाटू लागते. तिसऱ्या खेपेला दोनशे फूट ही त्या कॉकपिटमध्ये मर्यादा उरलीच नसावी.

मधल्या काळात त्यांनी काय केले? विमान घिरट्या घालत राहिले आणि वैमानिक इतर विमानतळांचे हवामान विचारत राहिले. पर्यायी विमानतळ म्हणून वॉटरफर्ड नोंदवलेले होते, तिथेही धुके होते. केरीला मात्र दहा किलोमीटरहून अधिक दिसत होते. केरी कॉर्कहून शंभर किलोमीटरच्या आत आहे. विमानात इंधन होते. म्हणजे उतरायला जागा होती आणि तिथवर जायची ताकदही होती. मग कॉर्कचा आकडा थोडा सुधारला आणि त्यांनी तिसरा प्रयत्न करायचे ठरवले. ते ठरलेले ठिकाण ओलांडताना पुरेशी दृश्यता नव्हती, असे तपासात निघाले. विमान पुढे आले.

यापुढचे कळण्यासाठी पंख्याच्या इंजिनाची ओळख हवी. या विमानाची इंजिने गॅरेट टीपीई३३१ जातीची. टर्बाइन आणि पंखा एकाच आसाला जोडलेले असतात आणि पंख्याच्या फेऱ्यांचा वेग जवळपास स्थिर ठेवला जातो. जोर कमी-जास्त होतो तो पात्यांचा कोन बदलून. पाती कोनात वळलेली असली की ती हवा मागे लोटतात आणि विमान पुढे जाते. कोन कमी करत नेला की ओढ कमी होते. एका मर्यादेपलीकडे पाती इतकी सपाट होतात, की पंखा विमानाला ओढायच्या ऐवजी समोरच्या हवेला आडवा येतो आणि ब्रेकचे काम करतो. जमिनीवर उतरल्यानंतर हे फार उपयोगी पडते, धावपट्टी लहान असली तरी विमान थांबते. हवेत हीच गोष्ट जीवघेणी ठरते. म्हणून वैमानिक ज्यांनी इंजिनाचा जोर कमी-जास्त करतो, त्या दांड्यांना एक थांबा असतो. हवेत असताना दांडे त्या थांब्याच्या मागे ओढायचे नाहीत, अशी सक्त मनाई असते.

त्या दिवशी विमान हाताळत होता सहवैमानिक. सुकाणू त्याच्या हातात होते. पण शेवटच्या टप्प्यात इंजिनांचे दांडे कॅप्टनच्या हातात होते. एकाने दिशा सांभाळायची आणि दुसऱ्याने जोर. असे करायचे तर दोघांचे मेतकूट पक्के हवे, आणि शेजारचा काय करतो आहे हे न बोलता कळायला हवे. दोनशे फुटांच्या खाली, काहीही दिसत नसताना, कॅप्टनने दांडे त्या थांब्याच्याही मागे ओढले.

याच क्षणी आणखी एक जुना दोष बाहेर आला. उजव्या इंजिनाच्या तोंडाशी आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि दाब मोजणारा एक सेन्सर बिघडलेला होता. त्याच्या चुकीच्या मापामुळे उजवे इंजिन डाव्यापेक्षा सुमारे पाच टक्के जास्त जोर देत होते. एरवीच्या उड्डाणात एवढा फरक सहज सांभाळता येतो, दांडे थोडे पुढे-मागे ठेवले की झाले. म्हणूनच तो कितीतरी काळ कोणाला खटकला नसावा. दांडे थांब्यामागे गेल्यावर मात्र उजव्या इंजिनाचा जोर शून्यावर आला आणि डाव्याचा शून्याखाली, उणे नऊ टक्क्यांवर गेला. म्हणजे डावा पंखा विमानाला मागे खेचू लागला, त्याच्यामागच्या पंखावरचा हवेचा प्रवाह बिघडला आणि डाव्या बाजूची उचल कमी झाली. विमान डावीकडे कलले, सुमारे ४० अंशांपर्यंत.

शंभर फुटांच्या किंचित खाली कॅप्टनने गो-अराउंडचा पुकारा केला, सहवैमानिकाने तो ऐकला आणि उत्तरही दिले. इंजिनांना पूर्ण जोर दिला गेला. डावीकडे कललेले विमान सावरायची धडपड आणि अचानक आलेला जोर एकाच वेळी घडले. तोवर वेग घटलेला होता. पंख हवेला ज्या कोनात भिडतात तो कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की वरच्या बाजूने वाहणारी हवा पंखापासून सुटते आणि उचल नाहीशी होते. इंजिन चालू असो वा बंद, पंख तेव्हा विमान पेलत नाही. हा स्टॉल. तो येऊ लागला की कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो. या विमानात तो शेवटचे सात सेकंद सतत वाजत होता. विमान झपाट्याने उजवीकडे कलले, काटकोनाच्याही पलीकडे. उजव्या पंखाचे टोक धावपट्टीला लागले आणि विमान उलटे आपटून कडेच्या मऊ जमिनीत गेले. पहिल्या धडकेपासून ते १८९ मीटरवर थांबले. दोन्ही इंजिनांना लागलेली आग विमानतळाच्या अग्निशमन दलाने धुक्यातून वाट काढत येऊन विझवली. जे वाचले, ते त्यामुळेही वाचले.

सगळा दोष कॅप्टनच्या हाताला लावून इथे थांबता आले असते. आयर्लंडच्या तपासकांनी तसे केले नाही. त्यांच्या अहवालाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कॅप्टन ३१ वर्षांचा होता, सहवैमानिक २७ वर्षांचा. कॅप्टनचे एकूण उड्डाण सुमारे १८०० तासांचे, पण कॅप्टन म्हणून त्याचे पहिले उड्डाण ६ फेब्रुवारीला झाले होते, अपघाताच्या अवघ्या चार दिवस आधी. सहवैमानिकाचे एकूण तास सुमारे ५४०. ज्याला धाडस कुठे थांबवायचे हे नुकतेच शिकायचे होते, त्याच्या शेजारी 'सर, दोनशे फूट झाले, चला वर' असे ठणकावून सांगायचा अनुभव नसलेला माणूस बसवला होता. अहवालाने ही जोडीच अयोग्य ठरवली. कॅप्टनपदाचे प्रशिक्षण आणि तपासणी अपुरी होती आणि दोघेही थकलेले होते, असेही नोंदवले. नव्या कॅप्टनबरोबर मुरलेला सहवैमानिक द्यायचा, हा शहाणपणा विमान व्यवसायात सर्वमान्य आहे. ती जोडी बांधणारा माणूस कॉकपिटमध्ये नव्हता, कार्यालयात होता.

पण कोणाच्या कार्यालयात? प्रवाशांनी तिकीट घेतले होते मॅन्क्स-टू या नावाने. ही कंपनी आयल ऑफ मॅन या बेटावरची. तिच्याकडे विमान चालवण्याचा परवानाच नव्हता, ती तिकिटे विकत असे. परवाना होता बार्सिलोनाच्या फ्लाइटलाइन या कंपनीचा. विमान आणि वैमानिक आले होते सेव्हिलच्या एअर लाडा या तिसऱ्या कंपनीकडून. देखरेख करायची होती स्पेनच्या विमान प्राधिकरणाने, आणि विमान रोज उडत होते उत्तर आयर्लंड ते आयर्लंड प्रजासत्ताक. याच विमानातून रात्री टपाल नेले जाई आणि सकाळी खुर्च्या बसवून माणसे. रात्रीचे आणि सकाळचे वैमानिक वेगळे होते, विमान मात्र एकच.

या साखळीत प्रत्येकाचे काम कागदावर चोख होते. पण वैमानिक पुरेसे झोपले का, दोन नवखे एकत्र बसले आहेत का, डाव्या-उजव्या इंजिनात फरक का पडतो, हे दररोज समोर उभे राहून विचारणारे कोणी नव्हते. दूरच्या देशात चालणाऱ्या या उड्डाणांवर फ्लाइटलाइन आणि स्पेन सरकार दोघांचीही देखरेख अपुरी होती, असे अहवालात अपघाताच्या कारणांमध्येच लिहिले आहे. मला हे कारण सेन्सरच्या बिघाडाहून मोठे वाटते. सेन्सर बदलता येतो. जबाबदारी चार ठिकाणी वाटली गेली, की ती कोणाकडेच पूर्ण राहत नाही.

हे केवळ आयर्लंडमध्येच घडले असे नाही. याच्या दोन वर्षे आधी, १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री, अमेरिकेत न्यूअर्कहून बफेलोला जाणारे पंख्याचे विमान उतरणीच्या वाटेवर स्टॉल होऊन एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला एक असे ५० जण गेले. तिकिटावर नाव होते कॉन्टिनेन्टल कनेक्शन, विमान चालवत होती कोल्गन एअर. तिथेही बर्फाळ हवामान होते, पण विमानाच्या पंखांनी ते सहन केले होते. घटलेला वेग लक्षात आला नाही, आणि इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी वर ओढले. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न तिथेही पुढे आला. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने लढा दिला आणि २०१० मध्ये कायदा झाला. त्यातून प्रवासी विमानाच्या सहवैमानिकासाठी साधारण १५०० तासांच्या उड्डाणाची अट आली, विश्रांतीचे नवे नियम आले, आणि विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे तिकीट विकतानाच ठळक दाखवणे बंधनकारक झाले.

कॉर्कच्या अहवालाने अकरा शिफारशी केल्या. धुक्यात एकाच विमानतळावर लागोपाठ किती वेळा प्रयत्न करावा याला काही धरबंध असावा, याचा विचार युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने करावा, ही त्यांतली एक. तिकीट विकणाऱ्या कंपन्यांच्या भूमिकेकडे युरोपीय आयोगाने पाहावे, ही दुसरी. विकणाऱ्याने सुरक्षेच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि त्यापासून हात झटकूही नयेत, असा तिचा रोख. मॅन्क्स-टूने २०१२ अखेर गाशा गुंडाळला. तिचा व्यवसाय चालवणारी सिटीविंग ही नवी कंपनीही मार्च २०१७ मध्ये बंद पडली.

आपल्याकडे लहान शहरांचा हवाई प्रवास अलीकडे वाढला आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेची पहिली विमाने सुटली, तेव्हा सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद मार्गही त्याच दिवशी सुरू झाला. पुढे कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्गातले चिपी येथूनही विमाने उडू लागली. यांतली पुष्कळशी पंख्याचीच. ही विमाने मुळात कमी सुरक्षित नाहीत आणि त्यांना भिण्याचे कारण नाही. कॉर्कच्या विमानातही कोणी दांडे थांब्यामागे ओढले नसते, तर ते धुक्यातूनसुद्धा वर चढून सुखरूप केरीला जाऊ शकले असते. अहवालाचा अर्थ एवढाच आहे, की लहान मार्गावर, लहान कंपनीत, नवख्या वैमानिकांच्या हाती ही रेघ जास्त पुसट होऊ शकते, म्हणून तिथे देखरेख अधिक हवी. मोठ्या कंपनीत दोनशे फुटांच्या खाली काही न दिसता गेलेल्या विमानाची नोंद यंत्रातून आपोआप निघते आणि दुसऱ्या दिवशी विचारणा होते. लहान कंपनीला हे परवडत नसेल तर सरकारने ते करावे, कारण मार्ग सुरू करायला अनुदान देणारेही सरकारच आहे.

प्रवाशाच्या हातात फार थोडे असते, पण काहीच नसते असे नाही. तिकीट काढताना विमान प्रत्यक्ष कोणती कंपनी चालवणार आहे ती ओळ वाचावी. आणि पावसाळ्यात चिपीला उतरायचे विमान धुक्यामुळे दुसरीकडे वळवले, कोल्हापूरचे विमान मुंबईला परत नेले, तर काउंटरवर जाऊन भांडू नये. मुक्काम चुकतो, लग्न चुकते, कोर्टाची तारीख चुकते, हे सगळे खरे आहे. तरीही त्या दिवशी कॅप्टनने आपले काम बरोबर केलेले असते. उतरताना दार उघडले आणि तो समोर दिसला, तर त्याला तसे सांगा.